मदतीचा ट्रक निघण्याआधी

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी त्सुनामीने तमिळनाडूचा किनारा धुऊन काढला आणि पुढच्या काही दिवसांत देशभरातून त्या दिशेने ट्रकची रीघ लागली. त्यांत तांदूळ होता, भांडी होती, औषधं होती आणि जुन्या कपड्यांचे तर ढीगच्या ढीग होते. ते इतके आले की वाटणाऱ्यांचे हात थिटे पडले. गठ्ठे रस्त्याच्या कडेला सोडले गेले आणि तिथेच पडून राहिले. घरदार वाहून गेलेल्या कोळ्याच्या बायकोलाही रस्त्यावरच्या ढिगात वाकून दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेली साडी शोधणं जड जातं. तिला साडी हवी असते, पण ती हातात दिलेली, धड आणि नेसता येईल अशी.

पडून राहिलेले हे लाखो कपडे उचलून, निवडून मार्गी लावायचं काम पुढे ‘गूंज’ या संस्थेने अंगावर घेतलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ही संस्था सुरू केली आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कापड हा विषय तिने जितका गांभीर्याने घेतला तितका आपल्याकडे फार थोड्यांनी घेतला असेल. अशा संस्थेच्या केंद्रात निवडीचं काम कसं चालतं ते एकदा नीट समजून घ्यावं. साडी उलगडून बघायची, फाटली आहे का, डाग आहेत का ते पाहायचं आणि तिच्याबरोबर परकर-ब्लाऊज जुळवायचे. सलवार आणि कमीज एकत्र बांधायची. पायजम्याची नाडी गेली असेल तर नवी ओवायची. चपलांचा जोड दोरीने एकमेकांना बांधायचा, कारण वाटेत एक पाऊल हरवलं की दुसरं कचऱ्यातच जातं. ज्या सुती कापडाचा कपडा म्हणून उपयोग उरलेला नाही, त्याच्या स्वच्छ धुतलेल्या घड्या मासिक पाळीसाठी करायच्या. एका गठ्ठ्यावर माणसांचा इतका वेळ जातो. म्हणून आपण घर आवरताना जे पोतं भरून ‘पूरग्रस्तांसाठी’ म्हणून देतो, त्याची खरी किंमत पुढे दुसरा कुणीतरी आपल्या श्रमाने चुकवत असतो.

आपत्तीची बातमी ऐकून जीव कळवळतो आणि हात आपल्याच कपाटाकडे जातो, ही माणसाची चांगली ओढ आहे. पण मदतकार्यात मुरलेले लोक सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करतात. पलीकडच्या माणसाला आज, या घडीला काय हवं आहे, हे आधी विचारायचं आणि मग गोदामाचं दार उघडायचं. माझ्या मते या कामातलं निम्मं कौशल्य या विचारण्यात आहे, आणि उरलेलं बरंचसं नको असलेल्या गोष्टीला वेळेवर नाही म्हणण्यात.

विचारायचं म्हणजे काय, तर पहिल्या दोन दिवसांत दोघा-चौघांचं एक पथक गावात पोचतं. सरपंच आणि तलाठी तर भेटतातच, पण शहाणं पथक आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकेला गाठतं, कारण कुणाच्या घरी ओली बाळंतीण आहे आणि कोण म्हातारा अंथरुणाला खिळलेला आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. किती कुटुंबं शाळेत आहेत, किती नातेवाइकांकडे गेली, किती अजून गच्चीवरच बसून आहेत? पाणी कुठलं पितात? चूल पेटते का? गिरणी चालू आहे का? बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या कुणाच्या संपल्या? जनावरं कुठे बांधली आहेत? उघडं असलेलं सगळ्यात जवळचं किराणा दुकान किती लांब आहे? अशा पंधरा-वीस प्रश्नांच्या उत्तरांतून यादी तयार होते. ती पुढच्या आठवड्यात बदलते आणि बदललीच पाहिजे.

कारण एक आपत्ती दुसरीसारखी नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून परतलेली माणसं झोपेत असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची ५२ गावं पार कोसळली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या आणि वर मातीचं जडशीळ धाबं, त्याखाली सात-आठ हजार माणसं गेली. तिथे पहिली निकड होती ती ढिगारा उपसणाऱ्या हातांची, हाडं जोडणाऱ्या डॉक्टरांची आणि डोक्यावर छप्पर घालायच्या सामानाची. बाहेरून आलेल्या बघ्यांच्या गर्दीने तिथले रस्ते अडले, हेही त्या दिवसांत महाराष्ट्राने पाहिलं.

सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी दिवसेंदिवस उतरलंच नाही. माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत अडकून पडली. तिथे शिजवलेलं अन्न, दूध पावडर, कोरडी अंथरुणं आणि गोठ्यातल्या म्हशींसाठी चारा यांना मोल होतं. दुधावर चालणारा तो भाग, तिथे मोठ्या जनावराला दिवसाला पंधराएक किलो हिरवा चारा लागतो, आणि आपली जनावरं उपाशी असताना शेतकऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर आला तो झपाट्याने चढला आणि उतरलाही, पण मागे दुकानादुकानांत, घराघरांत गाळ साचवून गेला. तिथे बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा फावडी, घमेली, खराटे, गमबूट, फिनेल आणि पाण्याचा जोर असलेले पंप यांची वाट बघितली जात होती. गाळ निघेपर्यंत घरात पाय ठेवता येत नव्हता, मग दिलेला शिधा ठेवायचा तरी कुठे?

किती द्यायचं, हा पुढचा प्रश्न. त्यामागे एक कटू इतिहास आहे. १९९४ मध्ये रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो निर्वासित शेजारच्या गोमा शहराभोवती येऊन पडले आणि छावण्यांत कॉलऱ्याने हजारोंचे बळी घेतले. जगभरच्या संस्था तिथे होत्या, पैसाही होता. पण माणशी किती पाणी, किती संडास, किती जागा, याचं सर्वमान्य माप कुणाकडे नव्हतं. त्यानंतर १९९७ मध्ये रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी एकत्र येऊन ‘स्फिअर’ हा उपक्रम सुरू केला आणि किमान मापं ठरवून पुस्तकरूपाने मांडली. त्या पुस्तकाची ताजी आवृत्ती २०१८ ची आहे.

ही मापं कोरडी वाटतात, पण एका छावणीला लावून पाहिली की त्यांतला जिवंतपणा कळतो. समजा ५,००० माणसं शाळा-कॉलेजांत आसऱ्याला आली आहेत. माणशी रोज १५ लिटर पाणी, यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ-धुणं सगळं आलं. म्हणजे दिवसाला ७५,००० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या आठ खेपा, त्याही रोज. अडीचशे माणसांमागे एक नळ धरला तर वीस नळ. सुरुवातीला पन्नास माणसांमागे एक संडास, म्हणजे शंभर, आणि पुढे स्थिरस्थावर झाल्यावर वीस माणसांमागे एक, म्हणजे अडीचशे. झोपण्या-बसण्यासाठी माणशी साडेतीन चौरस मीटर. वीस बाय पंचवीस फुटांचा शाळेचा वर्ग घेतला तर त्यात फार तर तेरा माणसं मावतात. आपण अशा वर्गात तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने बसलेली टीव्हीवर पाहतो आणि सोय झाली असं समजतो.

पाण्याच्या बाटल्यांचा हिशेबही इथेच करून टाकू, कारण प्रत्येक पुरात बाटल्यांचे ट्रक भरून जातात. फक्त पिण्यापुरतं माणशी तीन लिटर धरलं तरी वरच्या छावणीला रोज १५,००० बाटल्या लागतील. दहा टनांचा अख्खा ट्रक भरला तरी दहा हजारांच्या वर जाणार नाहीत, आणि रिकाम्या बाटल्या उद्या त्याच गावाच्या गटारात अडकून बसतील. पहिल्या दिवशी, माणसं छपरावर अडकलेली असताना बाटलीला पर्याय नाही. तिसऱ्या दिवशी मात्र शहाणपण वेगळं सांगतं. गावातलंच पाणी शुद्ध करा आणि ते साठवायला झाकणाच्या बादल्या द्या.

हे शुद्ध करणं आपल्या ग्रामपंचायतींना नवं नाही. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि तिचं द्रावण प्रत्येक जलसुरक्षकाला माहीत असतं. पण पुराचं पाणी गढूळ असतं आणि गाळातच क्लोरीन खर्ची पडतं. म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी गाळून घ्यायचं आणि मग क्लोरीन. त्यानंतर अर्धा तास थांबायचं. मग नमुन्याच्या नळीत ओटी टेस्टचे थेंब टाकले की पाणी पिवळसर होतं. रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी प्यायला हरकत नाही. रंग नाही तर पुन्हा मात्रा. नळाच्या तोंडाशी लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं माप आहे. घरोघरी वाटायच्या गोळ्या लहान-मोठ्या असतात, कुठली दहा लिटरसाठी तर कुठली वीस. त्या नुसत्या हातात ठेवून निघून आलं तर कुणी तांब्यात टाकतं, कुणी औषध समजून गिळतंही. म्हणून गोळीबरोबर बादली द्यायची आणि त्याच बादलीत दाखवून द्यायचं.

आता गोदामाकडे वळू. चक्रीवादळ चार-पाच दिवस आधी वर्दी देतं. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गमावलेल्या ओडिशाने त्या वर्दीचा उपयोग करायला शिकून मे २०१९ च्या ‘फनी’ वादळाआधी बारा लाखांच्या आसपास लोक हलवले. भूकंप मात्र काहीच सांगत नाही. म्हणून माल आधीच तयार ठेवावा लागतो, तोही अशा जागी की जिथून तो लवकर हलेल. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेची मोठी गोदामं इटलीतल्या ब्रिंडिसी बंदराजवळ आणि दुबईत आहेत, ती याच विचाराने. लहान संस्थाही हेच करतात. इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमध्ये हेल्स्टन नावाचं गाव आहे. तिथल्या रोटरी क्लबच्या पुढाकाराने २००० साली ‘शेल्टरबॉक्स’ उभी राहिली. एका कुटुंबाला निवारा आणि काही दिवस तग धरायला लागणाऱ्या वस्तू, म्हणजे तंबू, ब्लँकेटं, पाणी शुद्ध करायचं साधन, भांडी, शेगडी, हत्यारं, मुलांसाठी वह्या-रंग, हे सगळं एका हिरव्या पेटीत भरून ठेवायचं, एवढी सरळ कल्पना. त्या संस्थेच्या पहिल्या १४३ पेट्या जानेवारी २००१ मध्ये निघाल्या त्या भूजच्या भूकंपग्रस्तांसाठी. आधी भरून ठेवलेल्या होत्या, म्हणूनच निघू शकल्या.

या सगळ्या सामानात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ताडपत्री. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या मापाची ताडपत्री चार बाय सहा मीटरची असते, वजन पाच किलोच्या आसपास. मधून आडव्या जाड पट्ट्या विणलेल्या असतात आणि त्या पट्ट्यांत दोरी ओवायची भोकं. ताण येतो तो पट्टीवर, कापडावर नाही. त्यामुळे वाऱ्याने फडफडली तरी ती भोकापासून टरकत जात नाही. बाजारातली पातळ निळी ताडपत्री उन्हाने खडखडीत होते आणि एका पावसाळ्यात तिच्या चिंध्या होतात. दोन चांगल्या ताडपत्र्या, दोरी, खिळे, बांधायची तार, हातोडी, करवत आणि फावडं एवढं मिळालं की कुटुंब पडक्या घराचेच वासे काढून आपल्या जागेवर आडोसा उभा करतं. माणूस आपली जागा सोडत नाही, कारण ढिगाऱ्याखाली त्याचं सामान असतं आणि कागदपत्रंही. जो निवारा त्याच्या जागेवर नेता येतो तोच त्याला पटतो.

शिधासंच भरायचं काम गावोगावच्या मंडळांनी, शाळांनी, महिला बचत गटांनी केलेलं आपण पाहतो. नीट लावलेली रांग असेल तर ते बघत राहावं असं काम आहे. लांबलचक टेबल, प्रत्येकीकडे एकच वस्तू. पिशवी पुढे सरकत जाते, एकजण तांदूळ टाकते, दुसरी डाळ, तिसरी तेलाची पिशवी, चौथी मीठ-तिखट-हळद. रांगेच्या टोकाला वजनकाटा. सगळ्या संचांत सारखंच सामान, तर वजनही सारखंच यायला हवं. काटा अर्धा किलो कमी दाखवायला लागला की पिशवी परत, काहीतरी राहिलं आहे. साबण, धुण्याची पावडर आणि फिनेल याच पिशवीत कधीच घालायचं नाही. पिठाला साबणाचा वास लागला की ते पीठ जनावरही खात नाही. ती वेगळी, झाकणाच्या बादलीत भरलेली बरी, म्हणजे बादलीही उपयोगी पडते. काडेपेटी प्लास्टिकच्या पुडीत बांधायची. पिशवीच्या दोन बाजूंना आत काय आहे, किती आहे आणि कुठल्या तारखेपर्यंत चालेल हे मराठीत ठसठशीत लिहायचं, कारण गोदामात थप्पी लागल्यावर एकच बाजू दिसते.

शिध्याचं मापही ठरलेलं आहे. माणशी रोज २,१०० कॅलरी. आपल्या ताटाच्या हिशेबात सांगायचं तर धान्य चारशे वीस ग्रॅम, डाळ साठ ग्रॅम, तेल तीस ग्रॅम आणि वर थोडी साखर, मीठ, मसाला. पाच जणांच्या कुटुंबाला पंधरा दिवसांचा शिधा द्यायचा म्हटलं तर धान्यच साडेएकतीस किलो होतं, डाळ साडेचार किलो, तेल सव्वादोन किलो. सगळं मिळून चाळीस किलोच्या घरात जातं. हे पोतं सत्तरीची विधवा आजी चिखलातून घरी कसं नेणार? म्हणून पुष्कळ संस्था आठवड्याचा संच करतात आणि दोनदा वाटतात. श्रम दुप्पट होतात, पण आजीच्या घरात शिधा पोचतो.

आणि धान्य कुठलं, हेही बघावं लागतं. वीज गेलेल्या गावात गिरणी बंद असते, तिथे अख्खा गहू काय कामाचा? पीठ द्या, नाहीतर तांदूळ द्या. कोकणात भात हवा, सोलापूरकडे ज्वारी. चूलच पेटत नसेल तर पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू. सोलापूर भागातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तर अशा प्रसंगासाठीच जन्माला आली असावी इतकी सोयीची आहे. आठवडाभर टिकते, शिजवावी लागत नाही, आणि घशाखाली उतरताना परकी वाटत नाही. शिजवलेली खिचडी चांगलीच, पण ती तयार झाल्यापासून चार तासांच्या आत पोटात गेली पाहिजे. पुण्याहून निघून बारा तासांनी पोचलेल्या पुरीभाजीने छावणीत जुलाबाची साथ आणायची, हे टाळता येण्यासारखं आहे. स्वयंपाकघर तिथेच उभं करा, आचारी आणि शिधा पाठवा.

औषधांच्या बाबतीत तर चांगल्या मनाने केलेली चूक जिवावर बेतू शकते. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं. नुसतं काय आलं आहे हे कळायलाच पन्नास माणसांना सहा महिने लागले. आठ टक्के माल मुदत संपलेला होता, चार टक्के थंडीने गोठून वाया गेला. उरलेल्यातला जेमतेम तीस टक्के सहज ओळखू येत होता; बाकीच्यावर कुठकुठल्या भाषांतली नावं होती. या आणि अशा अनुभवांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाचे नियम घालून दिले. जे मागितलं आहे तेच पाठवा, पोचताना निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, आणि लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत, औषधाच्या मूळ नावासह हवं. आता दहा हजार माणसांना तीन महिने पुरेल असा ठरावीक औषधसंच तयारच असतो. घरातल्या उरलेल्या गोळ्यांचं पाकीट मदतफेरीच्या पेटीत टाकू नये, एवढं आपल्यापैकी प्रत्येकाने पाळलं तरी पुष्कळ झालं.

माल तयार झाला, ट्रक भरला, आता रस्ता. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि ट्रकच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या. कोल्हापुरातून मुंबई-पुण्याला येणारं दूध थांबलं आणि कोल्हापूरकडे जाणारी मदतही. चिपळूणला महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही ठप्प झाल्या. अशा वेळी संस्थेचा सगळ्यात कामाचा माणूस म्हणजे आडवाटा माहीत असलेला स्थानिक ड्रायव्हर. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला तेव्हा काठमांडूच्या विमानतळावर एकच धावपट्टी होती. विमानं घिरट्या घालत राहिली आणि पुढे धावपट्टी खचू लागल्यावर अवजड विमानांना मनाई करावी लागली. एक गोष्ट मात्र आधीच घडली होती. मदतसामान उतरवून, मोजून, पुढे पाठवण्यासाठीचा खास तळ त्याच विमानतळाशेजारी भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी तयार झाला होता. तो तळ नसता तर माल धावपट्टीच्या कडेलाच साचला असता. तिथून पुढे गोरखासारख्या जिल्ह्यांतल्या डोंगरवस्त्यांवर हेलिकॉप्टरलाही मर्यादा होत्या. मग जागतिक अन्न कार्यक्रमाने गावोगावचे हजारो हमाल आणि खेचरं कामाला लावली. ट्रेकिंगचा हंगाम बुडालेल्या त्या माणसांना मजुरी मिळाली आणि त्यांनीच पायवाटा दुरुस्त करत ओझी वर पोचवली. मदत पोचवण्याच्या कामातूनच चार पैसे आपत्तीग्रस्तांच्या हातात गेले, हा त्यातला फार चांगला भाग.

ट्रक गावाच्या वेशीवर उभा राहिला की खरी परीक्षा सुरू होते. फळीवर उभं राहून गर्दीत पिशव्या फेकणं हा वाटपाचा सगळ्यात वाईट प्रकार. धट्टेकट्टे पुढे घुसतात, म्हातारे-कोतारे, लेकुरवाळ्या बायका मागे राहतात आणि रस्त्यालगतच्या घरांना तीन-तीन वेळा मिळतं. नीट वाटप असं होतं की आदल्या दिवशी यादी करायची, ती चावडीत मोठ्याने वाचून दाखवायची, राहिलेली नावं तिथेच घालायची आणि घरटी टोकन द्यायचं. टोकनवर वेळ लिहायची, म्हणजे उन्हात चार तास ताटकळावं लागत नाही. वाटपाच्या जागी फळ्यावर पिशवीत काय-काय आहे ते लिहायचं. मग एखादी वस्तू कमी निघाली तर बाई तिथल्या तिथे विचारू शकते. अंगठा किंवा सही, आणि पिशवी घराच्या कर्त्या बाईच्या हातात. आजारी आणि अपंग माणसांची रांग वेगळी, किंवा त्यांना घरपोच.

या यादीतून कोण राहून जातं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दर वेळी ते राहतातच. गावकुसाबाहेरची वस्ती, पारध्यांचं पाल, ऊसतोडीला आलेली टोळी, वीटभट्टीवरचे मजूर, भाड्याच्या खोलीत राहणारं परप्रांतीय कुटुंब. रेशनकार्ड इथलं नाही, घर नावावर नाही, पंचनाम्यात नाव नाही. ज्याचं पक्कं घर पडलं त्याचा कागद असतो. ज्याची झोपडीच वाहून गेली त्याचा कागदही तिच्याबरोबरच जातो. म्हणून पथकाने पहिल्या फेरीतच गावाच्या कडेने चालत जावं, मधोमध थांबू नये. त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलित वस्त्यांना मदतीत डावलल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, आणि असं कुठे होतच नाही असं म्हणायचं धाडस आपण महाराष्ट्रातही करू नये. पिशवीवर कुणाचा तरी फोटो लावण्याच्या हट्टाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. २०१९ च्या पुरात अशा स्टिकरवरून महाराष्ट्रात मोठा रोष उसळला होता, आणि तो रास्तच होता. घेणाऱ्याने हात पसरला आहे हे त्याच्या दारात जाहीर करायचा हक्क देणाऱ्याला कुणीच दिलेला नाही.

बाजार सुरू झाला की वस्तूंपेक्षा पैसा बरा. पंधरा दिवसांनी गावातलं किराणा दुकान उघडतं. तो दुकानदारही पूरग्रस्तच असतो. अशा वेळी बाहेरून तांदळाचे ट्रक येत राहिले तर त्याचा धंदा दुसऱ्यांदा बुडतो. कुटुंबाच्या हातात रोख रक्कम किंवा त्याच दुकानाची कुपनं दिली तर कुणी वह्या घेतं, कुणी शेळीचं औषध, कुणी गॅसची शेगडी दुरुस्त करून आणतं. काय घ्यायचं ते कुटुंब ठरवतं. पण खात्यात पैसे यायला पासबुक आणि आधार लागतं, आणि ती गाळात गेलेली असतात. कागदपत्रं पुन्हा काढून देणारं एक टेबल छावणीत मांडणं, ही तांदळाच्या पोत्याइतकीच मोठी मदत आहे. ‘गूंज’ने यापुढचंही पाऊल टाकलं. गावाने एकत्र बसून आपलंच एखादं काम ठरवायचं, विहीर उपसायची, बांध घालायचा, रस्ता करायचा, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात कपडे आणि संसारोपयोगी सामान घ्यायचं. घेणारा माणूस मग कमावणारा होतो.

महाराष्ट्राकडे या विषयात देण्यासारखं आणखीही काही आहे. किल्लारीनंतर घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. सरकारी योजना काय आहे, भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधतात, पैसे कुठल्या टप्प्यावर मिळतात, हे त्या घरोघरी समजावून सांगत. पुढे २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. त्सुनामीनंतर हा अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोचला.

आपलं गणेश मंडळ, सोसायटी किंवा शाळा पुढच्या वेळी काही पाठवणार असेल, तर आधी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन लावावा आणि त्या तालुक्यात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला विचारावं. कोण, काय, कुठे आणि कधी देतंय याचा तक्ता बहुतेक ठिकाणी कुणीतरी ठेवलेला असतो. एका गावात पाच ट्रक आणि पलीकडच्या गावात एकही नाही, हे त्या तक्त्यामुळे टळतं. पहिल्या आठवड्यात सगळेच जातात. तिसऱ्या आठवड्यात जाणारं कुणी नसतं, आणि तेव्हाच शिधा संपलेला असतो, मुलांना दप्तरं हवी असतात, गाद्या अजून वाळलेल्या नसतात. मंडळाने ठरवून तिसरा आठवडा आपल्याकडे घ्यावा.

महिनाभराने संस्थेचे लोक पुन्हा गावात जातात. कुठली वस्तू वापरली, कुठली पडून आहे, कुठली विकावी लागली, कुणाला काहीच मिळालं नाही, हे वीस-पंचवीस घरांत बसून विचारतात. ब्लँकेट पातळ होतं, पॅड टाकायला जागा नव्हती, गोळीचा वास येतो म्हणून पाणी ओतून दिलं, असं काहीबाही कळतं आणि पुढच्या संचाची यादी बदलते. उरलेला माल मोजून परत गोदामात येतो. मग एप्रिल-मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, थप्प्या खाली उतरवल्या जातात. मुदत जवळ आलेली ओआरएसची पाकिटं आरोग्य केंद्राकडे जातात, उंदरांनी कुरतडलेल्या ताडपत्र्या बाजूला निघतात, दोऱ्या ताणून पाहिल्या जातात, आणि जेवढे नग कमी भरतात तेवढ्यांची मागणी नोंदवली जाते.